हजार प्रतींचा मोह आणि दुतोंड्या मारुती

आदरणीय ताई,

कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त होऊन मला तीन वर्षे झाली. राहायला नाशिकच्या पंचवटीत आहे. पुण्याची सात वर्षांची नात सुट्टीत येते तेव्हा तिला रोज रामकुंडावर नेतो आणि गोदावरीचा पूर व नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती यांची एक गोष्ट सांगतो. गोष्टीत फुलांच्या पुड्या विकणाऱ्या आजीची नात गोदी आहे, आणि पाणी मारुतीच्या अंगावर चढत जाते तसतशी ती त्याच्याशी बोलते. गेल्या वर्षी ही गोष्ट लिहून काढली आणि ए-फोर कागदावर जलरंगात २६ चित्रे केली. आता तिचे पुस्तक व्हावे असे वाटते. एका छापखान्याने ३०० आणि १,००० प्रतींचे दर दिले आहेत. हजार छापल्या तर प्रतीमागचा दर निम्म्याहून कमी पडतो. एक कंपनी ‘सगळे आम्ही करू’ म्हणत पॅकेज देते आहे. मुलगा म्हणतो, चित्रे एआयकडून काढून घ्या, गुळगुळीत येतील. पत्नी म्हणते, हौसेला मोल नसते, पण पेन्शनला असते. मला यातून पैसे मिळवायचे नाहीत, पण हसेही व्हायला नको. हजार छापाव्यात की नाद सोडावा? मजकूर आणि चित्रांच्या रंगीत झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत. परखड मत द्यावे.

— एक आजोबा, पंचवटी


आदरणीय काका,

आपण पाठवलेल्या सव्वीस झेरॉक्स मी घरातल्या फरशीवर ओळीने मांडल्या आणि गोष्ट मोठ्याने वाचत एकेका चित्रापुढून सरकत गेले. आपण परखड मत मागितले आहे, म्हणून निकाल आधी सांगते आणि कारणे मागाहून देते. पुस्तक जरूर करावे. चित्रे आपलीच ठेवावीत. पॅकेज घेऊ नये. आणि हजार तर नाहीच, तीनशेही छापू नयेत, दीडशे पुरेत.

हजारांच्या दराची भुरळ पडली यात आपला दोष नाही, आणि छापखानाही आपल्याला फसवत नाही. ऑफसेट छपाईत प्रत्येक फर्म्याच्या (अनेक पाने एकदम छापली जातात त्या मोठ्या कागदाच्या) प्रत्येक बाजूसाठी चार रंगांच्या चार प्लेटी कराव्या लागतात, त्या यंत्रावर चढवाव्या लागतात, आणि रंग एकमेकांवर नेमके बसेपर्यंत बरेच कागद वाया घालवावे लागतात. हा खर्च पहिली चांगली प्रत हाती येण्याआधीच होऊन जातो. तो तीनशे प्रतींवर वाटा किंवा हजार प्रतींवर, त्यात फरक पडत नाही, आणि म्हणून प्रती वाढल्या की दर झपाट्याने खाली येतो. मात्र दर निम्मा झाला तरी प्रती सव्वातीनपटीहून अधिक झालेल्या असतात, आणि खिशातून जाते ती रक्कम, दर नव्हे. प्रतीमागचा दर हा पुस्तक विकायला बसलेल्या माणसाचा हिशोब आहे. आपल्याला विकायचे नाही, तेव्हा आपला हिशोब ‘एकूण किती आणि कोणासाठी’ एवढाच राहतो.

कोणासाठी, याचे उत्तर वहीत मिळते. एका पानावर नावे लिहून काढावीत: नात, तिच्या वर्गातली मुले, नात्यातली मुले, कारखान्यातले मित्र व त्यांची नातवंडे, घाटावरचे ओळखीचे दुकानदार, शेजार, दोनचार शाळा आणि ग्रंथालये. नाव आठवून लिहिलेली अशी यादी माझ्या अंदाजाने ऐंशी-नव्वदवर थांबेल. तिच्यावर साठेक प्रती जादा धरल्या की दीडशे होतात. हा अंदाज मी अनुभवाने करते आहे. अकरा वर्षांपूर्वी मी बडबडगीतांची एक छोटी पुस्तिका हौसेने छापली. दर चांगला पडतो म्हणून पाचशे प्रती काढल्या, वाटून एकशे ऐंशी संपल्या आणि उरलेले खोके माळ्यावर गेले. तिसऱ्या पावसाळ्यात छताला ओल आली. आर्ट पेपरला पाणी लागले की त्याच्यावरचा लेप विरघळून पाने एकमेकांना अशी चिकटतात की पुस्तकाची वीट होते. सुरी घालूनही पान सुटत नाही. त्या विटा मी रद्दीवाल्याला दिल्या. त्यानेही नाक मुरडले, कारण चिकटलेला आर्ट पेपर रद्दीतही कोणाला नको असतो.

वजनाचाही विचार करावा. ए-फोर आकाराची बत्तीस पाने, म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेले सोळा कागद, १३० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) कागदावर छापली आणि कव्हर २५० जीएसएमचे घेतले, तर एक प्रत साधारण १६० ग्रॅमची होते. हजार प्रती म्हणजे १६० किलो. दीडशे प्रती चोवीस किलोंत बसतात आणि पलंगाखाली मावतात.

दीडशे प्रतींसाठी डिजिटल छपाई घ्यावी. तिला प्लेटी लागत नाहीत, त्यामुळे पाच प्रती काढून पाहता येतात, चूक सापडली तर सुधारता येते आणि मागणी आली तर पुन्हा पन्नास काढता येतात. दर जास्त पडतो, हे खरे. पण न वाचल्या जाणाऱ्या साडेआठशे प्रतींचे पैसे वाचतात, आणि काकूंना सांगण्यासाठी तेवढे कारण पुरावे. कोटेशन घेताना कागद, लॅमिनेशन, बाइंडिंग आणि जीएसटी धरून रक्कम किती, असे लेखी विचारावे. छापील पुस्तकावर जीएसटी नसतो, पण छपाईच्या बिलात तो लागू शकतो, आणि तोंडी सांगितलेल्या आकड्यात तो बहुधा धरलेला नसतो.

आता पुस्तकाकडे वळते, कारण हसे होण्याची भीती असेल तर ती प्रतींच्या संख्येत नाही, आतल्या पानांत आहे.

छापखान्यात पुन्हा जाण्याआधी घरी डमी करावी. आठ कोरे ए-फोर कागद मधून दुमडून एकात एक घातले की बत्तीस पानांची छोटी वही तयार होते. मधोमध टाचणी मारावी आणि पानांना क्रमांक द्यावेत. पहिल्या पानावर नाव, दुसऱ्यावर श्रेय आणि प्रकाशनाची माहिती, तिसऱ्यावर अर्पणपत्रिका, आणि चौथ्यापासून गोष्ट. आपली २६ चित्रे चौथ्या ते एकोणतिसाव्या पानापर्यंत अगदी मोजल्यासारखी बसतात, आणि तिथेच एक घोटाळा होतो. पुस्तकात सम क्रमांकाचे पान डावीकडे येते आणि विषम उजवीकडे. आपल्या विसाव्या चित्रात पाणी मारुतीच्या गळ्याशी आलेले असते, घाटावरचे सगळे श्वास रोखून उभे असतात, आणि त्याच्या डोक्यावर एक बगळा येऊन निवांत बसतो. गोष्टीतली सर्वांत गोड जागा हीच आहे. पण विसावे चित्र तेविसाव्या पानावर, म्हणजे उजवीकडे, पडते. एकोणिसाव्या चित्रावर आपण नातीला ‘आता काय होणार?’ विचाराल तेव्हा तो बगळा तिला शेजारीच बसलेला दिसत असेल. तो पान उलटल्यावर दिसला पाहिजे.

उपाय आपल्याच चित्रांत आहे. सहाव्या आणि सातव्या चित्रात दुकानांची हलवाहलवच आहे. सहाव्यात हातगाड्या, सातव्यात टोपल्या. सातवे काढून टाकावे, किंवा त्यातली टोपलीवाली बाई सहाव्यात आणावी. मग पुढची सर्व चित्रे एक पान मागे सरकतात आणि बगळा बाविसाव्या पानावर, पान उलटताच डावीकडे, प्रकट होतो. शेवटी एक पान मोकळे राहते. त्याच्यावर पाणी उतरल्यानंतरचे एकच वाक्य, चित्राशिवाय, शोभेल. तिसाव्या व एकतिसाव्या पानांवर खऱ्या दुतोंड्या मारुतीबद्दल थोडी माहिती द्यावी: नाशिककर पुराचे पाणी त्याच्या पावलांवरून, गुडघ्यांवरून आणि कमरेवरून कसे मोजतात, गंगापूर धरणातून पाणी सोडले की इथे काय होते, आणि २००८, २०१६ व २०१९ या वर्षांतले पूर. बत्तिसाव्या पानावर मारुतीची नुसती बाह्यरेखा ठेवून ‘तुमच्या पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत आले?’ असे विचारले, तर मुले रंगीत पेन्सिल घेऊन बसतील.

मजकूर मात्र छाटावा लागेल. मी मोजला, जवळजवळ एकोणीसशे शब्द भरतात. सात वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन एका बैठकीत वाचायच्या चित्रपुस्तकाला सहाशे-सातशे शब्द पुष्कळ होतात. कुठे छाटायचे ते चित्रेच सांगतात. पाचव्या चित्राखाली आपण लिहिले आहे, ‘पाणी वाढत वाढत मारुतीच्या गुडघ्यांपर्यंत आले आणि लाल पत्र्याचा एक डबा गरगरत वाहत गेला.’ गुडघे चित्रात दिसतात, डबा दिसतो, त्याचे गरगरणेही आपण पाण्यातल्या दोन वळशांनी सुंदर दाखवले आहे. मग वाक्याला काम काय उरले? पण त्याच पानावर, कोपऱ्यात, गोदीच्या तोंडी आपण दोनच शब्द घातले आहेत: ‘गुडघे गेले!’ ते ठेवावेत आणि बाकीचे खोडावे. पुढे ‘कंबर गेली!’, ‘छाती गेली!’ असे येत राहिले की तिसऱ्या वेळेला मुले स्वतःच ओरडतील.

एक उलट बाजूही सांगते. छाटताना ‘विसर्ग’ (धरणातून सोडलेले पाणी) हा शब्द काढू नये. अवघड वाटला तरी नाशिकची मुले तो दर पावसाळ्यात घरात ऐकतात, आणि आपल्या गोष्टीत तो जसा मोठ्यांच्या तोंडी कुजबुजत येतो तसा मुलांच्या कानांवर येतोही. ‘प्रलयंकारी’ आणि ‘रौद्र स्वरूप’ मात्र वर्तमानपत्रातून आलेले आहेत. ते तिथेच परत पाठवावेत.

पुढचा प्रश्न रंगाचा. पुराचे गढूळ पाणी छपाईत छान उतरते, तपकिरीला काही होत नाही. धोका शेंदराला आहे. आपल्या मारुतीचा तळपता शेंदरी रंग संगणकाच्या पडद्यावर जसा दिसतो तसा कागदावर येत नाही, कारण पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग घडवतो, तर छपाई आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाईंतून. या शाईंच्या आवाक्याबाहेर असलेल्या रंगांत तळपता केशरी-शेंदरी अग्रभागी असतो. फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे या चार शाईंच्या रंगपद्धतीत, बदलली की तो विटकरीकडे झुकतो. माझ्या पुस्तिकेतली केशरी मांजर छापून आली तेव्हा कोणीतरी तिला चहात बुडवून काढल्यासारखी दिसत होती, आणि तेव्हा पाचशे प्रती बांधून तयार होत्या. म्हणून मारुती असलेले एक पान, ठरलेल्या कागदावर आणि ठरलेल्या यंत्रावर, आधी छापून मागावे, आणि ते खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात मूळ चित्राशेजारी ठेवून पाहावे. शेंदूर थोडा उतरणारच. पण त्याच्या भोवतीचे आकाश जरा अधिक राखाडी केले तर तोच शेंदूर पुन्हा उठून दिसतो. ही युक्ती आपल्यासारख्या हाताला सांगायला नकोच.

चित्रांचे मोबाइलवर काढलेले फोटो छपाईला देऊ नयेत. कडा वाकतात आणि एका बाजूला सावली पडते. सपाट स्कॅनरवर, मूळ आकारात छापणार असाल तर निदान ३०० डीपीआय आणि मोठे करणार असाल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्यावे. रंग कागदाच्या कडेपर्यंत न्यायचा असेल तर प्रत्येक बाजूला तीन मिलिमीटर जादा चित्र लागते, कारण कटिंगची सुरी केसाइतकी इकडेतिकडे होते. आपल्या नवव्या आणि चौदाव्या चित्रांत गोदीची पावले अगदी तळकडेला टेकली आहेत. ती कापली जातील. तेवढा भाग वर घ्यावा, किंवा त्या पानांना पांढरी चौकट ठेवावी.

कागद मॅट आर्ट पेपर घ्यावा. चकचकीत कागदावर ट्यूबलाइटची रेघ पडते आणि जलरंगाचा ओलावा दिसत नाही. मॅपलिथोवर, म्हणजे लेप नसलेल्या कागदावर, ओलावा दिसतो, पण रंग कागदात मुरून मंद होतो. बाइंडिंग सेंटर पिन, म्हणजे मधोमध टाचणीचे. बत्तीस पानांच्या पुस्तकाला परफेक्ट बाइंडिंगचा (पाने कण्याला चिकटवण्याचा) आग्रह धरला तर ते पुरते उघडत नाही आणि कणा इतका बारीक होतो की त्यावर नावही छापता येत नाही.

अक्षरांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण मराठी बालपुस्तके बहुतेक वेळा इथेच घसरतात. आपला मजकूर डीटीपीवाल्याने श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडपूर्व जुन्या फाँटपद्धतीत, केला असल्याचे झेरॉक्सवरून वाटते. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणताना काही जोडाक्षरे मोडतात, आणि आपली गोष्ट घाटावरची असल्यामुळे ‘पायऱ्या’ हा शब्द तिच्यात चौदा वेळा आहे. ‘ऱ्या’ मधला अर्धा र रूपांतरात हमखास रफार होऊन ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘किनाऱ्यावर’ आणि ‘दुसऱ्या’ यांचेही तेच होते. असा प्रत्येक शब्द शोधून डोळ्यांनी तपासावा; संगणकावर विसंबू नये. दुसरे असे की अनेक देवनागरी फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. शाळेत मुले मराठी वळणाचे गिरवतात, आणि पहिलीदुसरीतले मूल अनोळखी श पाहून अडखळते. मुक्ता आणि बालू हे फाँट मुक्त परवान्याचे आहेत, त्यांना पैसे पडत नाहीत. भाषा मराठी निवडून ल, श हवे तसे येतात का, ते एका ओळीवर पाहून घ्यावे. अक्षर अठरा पॉइंटांपेक्षा लहान नको. ओळींमध्ये अंतर सढळ ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत गुंततात. शब्द ओळीच्या शेवटी तोडू नये.

आता कायद्याच्या दोनतीन गोष्टी. गोष्ट आणि चित्रे निर्माण झाली त्या क्षणी त्यांचा कॉपीराइट आपला झाला. नोंदणी सक्तीची नाही. मुखपृष्ठावरची अक्षरे शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने हौसेने काढून दिली, असे आपण मजकुराखाली टिपले आहे. तिने मोबदला घेतलेला नाही, त्यामुळे त्या अक्षरांचा हक्क तिचा आहे. ती अठरा वर्षांची झाली असेल तर एका कागदावर तिची सही घ्यावी, आणि त्यात मुदत व प्रदेश स्पष्ट लिहावेत, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत असे धरले जाते. श्रेयाच्या पानावर तिचे नाव असावेच, कागद असो वा नसो. तीन चित्रे आपण इंटरनेटवरच्या फोटोंवरून केली आहेत. दुतोंड्या मारुती सार्वजनिक जागी कायमचा उभा आहे आणि त्याचे चित्र कोणीही काढू शकतो, पण दुसऱ्याच्या फोटोची चौकट आणि मांडणी जशीच्या तशी उचलणे ही वेगळी गोष्ट आहे. आपण पंचवटीतच राहता. एका सकाळी स्केचबुक घेऊन घाटावर बसावे आणि ही तीन चित्रे प्रत्यक्ष पाहून पुन्हा करावीत. तसेही ती तीन बाकीच्यांपेक्षा निर्जीव उतरली आहेत. फोटो कुठला हे ठाऊक नसतानाही मी ती ओळखली होती.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकासाठी, कोणाला पैसे देऊ नयेत. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून ऑनलाइन अर्ज केल्यावर विनामूल्य मिळतो आणि लेखकाला स्वतः प्रकाशक म्हणून अर्ज करता येतो. पुस्तक नुसते वाटायचे असेल तर तो नसला तरी अडत नाही. ग्रंथालयांत आणि दुकानांत जायचे असेल तर असलेला बरा. पॅकेज नको म्हणण्याचे एक कारण इथेच आहे. ती कंपनी स्वतःच्या नावावरच्या आयएसबीएनवर पुस्तक काढते, म्हणजे कागदोपत्री प्रकाशक ती, आणि खर्च करणारे आपण. शिवाय डिझाइन, छपाई आणि जाहिरात यांची मोट बांधून एकच रक्कम सांगितली जाते, त्यामुळे छपाईला किती गेले आणि फेसबुकवरच्या दोन पोस्टना किती, हे कधी कळत नाही. ज्यांच्याकडे वेळ नाही त्यांना याचा उपयोग होत असेलही. आपल्याकडे वेळ आहे, आणि या छंदातली निम्मी गंमत छापखान्यात उभे राहून शाईचा वास घेण्यात आहे.

१९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रकाशनानंतर तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्लीच्या ठरावीक ग्रंथालयांना स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते. न पाठवल्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि पुस्तकाची किंमत, एवढीच शिक्षा आहे, म्हणून बरेच जण विसरतात. आपण विसरू नये. दुतोंड्या मारुती कोलकात्याच्या कपाटात उभा राहील, या कल्पनेनेच मला आनंद होतो. पोस्टाने पाठवताना काउंटरवर ‘ज्ञान पोस्ट’ विचारावे. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत ३०० ग्रॅमपर्यंतच्या टपालाला वीस रुपये आणि वर कर पडतो, आणि माग काढता येतो; पुस्तकावर प्रकाशकाचे किंवा मुद्रकाचे नाव छापलेले असावे लागते. एक प्रत पाकिटासह या वजनात आरामात बसते, दोन बसत नाहीत.

चिरंजीवांच्या सूचनेबद्दल. त्यांचा हेतू वडिलांचे कष्ट वाचवण्याचा आहे, पण इथे कष्ट वाचवायचेच नाहीत. ज्याने आयुष्यभर यंत्रांचे भाग मिलिमीटरमध्ये काढले, त्याने घाटाची प्रत्येक पायरी मोजून काढली आहे, तिसऱ्या पायरीचा उडालेला टवकासुद्धा सोडलेला नाही, आणि मग त्याच कागदावर पाणी काढताना हात मोकळा सोडला आहे. घट्ट पायऱ्या आणि सैल पाणी हेच या पुस्तकाचे रूप आहे. गुळगुळीत चित्रांत ते राहणार नाही. चिरंजीवांना स्कॅनिंग, फाँट आणि पानांची मांडणी ही कामे द्यावीत. त्यांचे संगणकावरचे प्रेम तिथे उपयोगी पडेल.

प्रकाशन समारंभ करू नये, असे माझे मत आहे. शाल, श्रीफळ, चार भाषणे, आणि ज्यांच्यासाठी पुस्तक काढले ती मुले तिसऱ्या भाषणाला खुर्चीखाली. त्याऐवजी एक प्रत सावानाला, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाला, द्यावी. १८४० पासून नाशिककरांना पुस्तके देत आलेल्या या वाचनालयात मुलांसाठी गोष्ट वाचून दाखवता येईल का, असे विचारावे. जवळची एखादी मराठी शाळा २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला असा पाहुणा शोधतच असते. छापील किंमत टाकायची असेल तर छपाईच्या खर्चाएवढी टाकावी. दुकानांच्या कमिशनच्या वाटेला जाऊ नये, ते गणित दीडशे प्रतींत बसत नाही.

आधी डमी. नात आली की चित्रांच्या झेरॉक्स लहान करून तिच्यात चिकटवाव्यात, गोष्ट वाचून दाखवावी, आणि ती कुठे पान आधीच उलटते, कुठे मागे जाते आणि कुठे पाणी मागायला उठते, एवढ्याच खुणा पेन्सिलीने कराव्यात. तिला ‘आवडले का?’ असे विचारू नये. आजोबांना ती होच म्हणेल.

आणि अकराव्या चित्रात गोदीचा परकर निळा आहे, बाराव्यात हिरवा. मधल्या वेळात ती घरी जाऊन आलेली नाही. छपाईला देण्याआधी तेवढा रंग एक करून घ्यावा, कारण मुले सर्वांत आधी हेच पकडतात.